जुन्या येझदीचे वायरिंग सोपे करा

गेल्या गळीत हंगामात कॅनॉलच्या पुलावर आमच्या जुन्या येझदीचा दिवा एकाएकी गेला. पुढे बिनदिव्याची उसाची बैलगाडी! थोडक्यात वाचलो. सकाळी टाकी उतरवून पाहिले, तर वायरीला तेरा जोड. दर बिघाडाला नवा तुकडा वाढवलेला, जुना तसाच लोंबकळत.

या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. ३० वॅटच्या दिव्याला ५ अँपिअर करंट लागतो. १२ व्होल्टवर अडीचच लागला असता. गंजक्या जोडात अर्धा व्होल्ट गेला की बारावा हिस्सा गेला, आणि उजेड तर त्याहून जास्त घटतो. पाटाला भगदाडे असली की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसेच हे.

आधी बॅटरीची अर्थची वायर सोडा. जादा हॉर्न, शोभेचे दिवे आणि मेलेल्या वायरी काढून टाका. मागचा व ब्रेकचा दिवा मात्र ठेवायचाच. नाहीतर बैलगाडीवाल्याला कोणत्या तोंडाने बोलणार? दिव्यासाठी दीड चौरस मि.मी.ची अखंड वायर घ्या. बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. तिथे तांब्याची तार गुंडाळू नका, वर पेट्रोलची टाकी आहे. रंग-गंजामुळे चासीतून अर्थ नीट मिळत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर द्या.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली किंवा घासली, तर तिथे थोडी ढील द्या.