साहेब, नक्की कुठलं धरायचं?

बांधकामाच्या साइटवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "सिमेंट संपलं" हे नव्हे, तर "साहेब, नक्की कुठलं धरायचं?" आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये कॉलम ३०० बाय ४५०, स्ट्रक्चरलच्या शेड्यूलमध्ये तोच कॉलम ३०० बाय ६००. फिटर सळई कापायची थांबलेला, मुकादम वैतागलेला, आणि उत्तर देणारा माणूस दुसऱ्या शहरात!

अशी शंका सल्लागाराकडे लेखी पाठवली की तिला म्हणतात आर.एफ.आय., म्हणजे रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन. (आपल्याकडच्या हायवेच्या कामांवर आर.एफ.आय. म्हणजे रिक्वेस्ट फॉर इन्स्पेक्शन. इंटरव्ह्यूत गल्लत करू नका!) नॅव्हिगंट या संस्थेने २०१३ साली १,३६२ प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या. एका शंकेच्या निरसनाला सरासरी १,०८० डॉलर खर्च, आणि पहिलं उत्तर यायला साधारण दहा दिवस! शंका एकच, पण तेवढे दिवस गँग बसून.

शंका येतात कुठून?

मी सुट्टीत एका निवासी इमारतीच्या साइटवर ट्रेनिंगला होतो. तिथलं शंकांचं रजिस्टर चाळताना मला तीन गठ्ठे दिसले.

पहिला गठ्ठा : उत्तर ड्रॉइंगमध्येच आहे, पण भलत्याच शीटच्या कोपऱ्यातल्या नोटमध्ये.
दुसरा गठ्ठा : दोन ड्रॉइंग एकमेकांशी भांडतात. वर दिलेला कॉलम त्यातलाच.
तिसरा गठ्ठा : माहिती खरंच कुठेच नाही, किंवा साइटवर डिझाइनरने न पाहिलेलं काहीतरी निघालं. उदाहरणार्थ, खोदताना मुरूम लागायच्या ऐवजी भराव लागला.

आता यात आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणजे ए.आय. कुठे बसतं ते पाहू.

पहिला गठ्ठा : शोधून देणं

कंत्राट, स्पेसिफिकेशन, ड्रॉइंगवरच्या नोटा, जुन्या शंकांची उत्तरं, या सगळ्यांचे छोटे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करतात. अर्थाने जवळचे तुकडे आकड्यांतही जवळ येतात. त्यामुळे "फुटिंगला कव्हर किती?" असं विचारलं, तरी "पायाच्या सळईवरचं काँक्रीट" असं लिहिलेली नोट सापडते. मग लँग्वेज मॉडेल ती नोट वाचून शीट नंबरसकट उत्तर देतं. दहा दिवसांचं काम दहा सेकंदांत.

पण इथेच एक खड्डा आहे. आय.एस. ४५६:२००० प्रमाणे फुटिंगला किमान कव्हर ५० मि.मी. समजा, जमीन खारट म्हणून तुमच्या डिझाइनरने ७५ दिलंय, आणि ती नोट यंत्राला सापडलीच नाही. अशा वेळी ते ठामपणे "५०" सांगून मोकळं होऊ शकतं. तसंच, रिव्हिजन ३ आलेली असताना रिव्हिजन २ वाचून उत्तर दिलं तर संपलंच. म्हणून नियम असा हवा : शीट नंबर आणि रिव्हिजन नंबर नसेल तर ते उत्तर धरायचं नाही.

दुसरा गठ्ठा : भांडण आधीच पकडणं

बीमच्या पोटातून जाणारा ड्रेनेजचा पाइप पकडायला ए.आय. लागत नाही. त्रिमितीय मॉडेल असेल तर 'क्लॅश डिटेक्शन' हे काम निव्वळ भूमितीने करतं. पण आपल्याकडे कित्येक साइट अजून कागदावर आणि पी.डी.एफ.वर चालतात. तिथे प्लॅनमधला कॉलम नंबर वाचायचा, शेड्यूलमधलं माप वाचायचं आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं, हे कंटाळवाणं काम यंत्राला देता येतं. ड्रॉइंग साइटवर येण्याआधीच हे झालं, तर शंका जन्मालाच येत नाही. खरी बचत इथे आहे.

तिसरा गठ्ठा : इथे यंत्राने गप्प बसावं

१७ जुलै १९८१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधलं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत टांगलेले दोन पादचारी पूल एकावर एक कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच लांब सळी दोन्ही पुलांमधून खाली येत होती, म्हणजे वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त वरच्याच पुलाचा भार. बनवायला सोपं म्हणून एकीच्या दोन सळ्या केल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. त्या नटवरचा भार थेट दुप्पट! बदललेल्या ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता, पण त्या जोडाचं गणित कुणी केलं नव्हतं.

बदल वरवर किरकोळ होता. "असं केलं तर चालेल का?" या प्रश्नाला झटपट "चालेल" मिळणं किती महागात पडतं, ते इथे दिसतं. अशा प्रश्नाला उत्तर शोधून मिळत नाही, कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागतं आणि खाली सही करावी लागते. सही माणसाची असते, कोर्टात उभा राहतो तोही माणूसच.

म्हणून माझ्या मते शंका 'शून्यावर आणणं' हे ध्येयच चुकीचं. पहिले दोन गठ्ठे कमी करायचे, म्हणजे डिझाइनरला तिसऱ्यासाठी वेळ मिळेल.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? एखाद्या साइटचं जुनं रजिस्टर परवानगीने मिळवा, शंका या तीन गठ्ठ्यांत वाटा, आणि यंत्राला तेच वाटप कितपत जमतं ते तपासा. त्यासाठी कॉम्प्युटरवाला रूम पार्टनर हाताशी आहेच. त्याला फक्त फुटिंग म्हणजे काय ते आधी समजावून सांगा!