जाहिरातीतले घोडे आणि चाकावरचे घोडे



मध्यंतरी बंगळूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. आवाज तापलेला. "मामा, मला गंडवलं! जाहिरातीत १२० पीएस लिहिलंय आणि डायनोवर १०१च भरले. १९ घोडे गेले कुठे?" नवी टर्बो पेट्रोल गाडी, डोक्यावर पाच वर्षांचा हप्ता. त्यात डायनोवाला म्हणाला, "रीमॅप करून घ्या, हरवलेले घोडे परत आणतो." म्हणजे आणखी तीस हजार रुपये आणि वर वॉरंटीवर पाणी.

मी म्हटलं, "थांब, पैसे देऊ नकोस. घोडे मोजले कुठे, ते आधी बघू." आजचा भाग त्याच फोनवर आहे.

आधी घोडा म्हणजे काय ते बघू. जेम्स वॅटने ठरवलेला घोडा म्हणजे ७४६ वॉट. युरोपातला मेट्रिक घोडा थोडा लहान, ७३५.५ वॉट. त्यालाच पीएस म्हणतात. म्हणून १२० पीएस म्हणजे साधारण ११८ बीएचपी. एका गाडीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये असेल, तर तुलना तिथेच चुकते. दोन्हीकडे किलोवॉट बघा. किलोवॉट सगळीकडे सारखाच.

आता मुख्य मुद्दा. कंपनी शक्ती मोजते ती इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या स्टँडवर असतं. हवेचं तापमान आणि दाब ठरलेल्या प्रमाणापेक्षा वेगळे असतील, तर आकडा गणिताने दुरुस्त करतात. भाच्याच्या डायनोवर मात्र गाडीची चाकं रोलरवर फिरत होती. क्रँकशाफ्टपासून चाकापर्यंत क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि शेवटी टायर. प्रत्येक जण आपला टोल घेतो. साध्या मॅन्युअल गाडीत ही गळती १० ते १५ टक्क्यांच्या घरात मानतात, काही गाड्यांत जास्तही. १२० मधले १९ म्हणजे सुमारे १६ टक्के. नेहमीपेक्षा किंचित जास्त, पण चोरी म्हणावी इतकी नाही. शिवाय टायरमध्ये हवा किती, पट्टे किती घट्ट आवळले, कुठल्या गिअरमध्ये मोजलं, यावरही आकडा हलतो. एकच गाडी दोन डायनोंवर दोन वेगळे आकडे दाखवू शकते.

मग कंपन्या कधीच खोटं बोलत नाहीत का? बोलल्या आहेत, आणि पकडल्याही गेल्या आहेत.

अमेरिकेत १९७१ पर्यंत 'ग्रॉस' आकडा छापायची पद्धत होती. इंजिन जवळजवळ उघडं ठेवून मोजायचं: पंखा नाही, एअर फिल्टर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही. १९७२ पासून 'नेट' आकडा आला, म्हणजे गाडीत जे जे बसवलेलं असतं ते सगळं लावून मोजलेला. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७१ मध्ये ३६५ घोड्यांचं होतं, १९७२ मध्ये २३५ चं झालं. इंजिन जवळपास तेच, बदलली ती मोजपट्टी.

१९९९ मध्ये फोर्डच्या मस्टँग कोब्राची जाहिरात ३२० घोड्यांची होती, आधीच्या वर्षीपेक्षा १५ जास्त. मालकांनी डायनोवर बघितलं, तर नवी गाडी जुनीच्याही पुढे जाईना. फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक व एक्झॉस्टचे भाग बदलून दिले. २००१ मध्ये माझदाला एमएक्स-५ चा अमेरिकेतला आकडा १५५ वरून १४२ वर आणावा लागला आणि ग्राहकांकडून गाड्या परत घ्यायची तयारी दाखवावी लागली. पुढे २००५ च्या सुमारास तिथे मोजण्याचे नियम आणखी कडक झाले, तेव्हा टोयोटा कॅमरीच्या ३ लिटर व्ही-सिक्सचा आकडा २१० वरून १९० झाला.

जपानमध्ये उलटी गंमत होती. १९८९ ते २००४ तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवून २८० पीएसच्या वर आकडा छापलाच नाही. काही गाड्या प्रत्यक्षात त्याहून ताकदवान होत्या, तरी कागदावर २८०च.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. भारतात नवी गाडी विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तिची चाचणी होते. संयुक्त राष्ट्रांच्या ८५ क्रमांकाच्या नियमात, जो युरोपात चालतो, मान्यतेच्या वेळी कमाल शक्तीत २ टक्के आणि कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनात ५ टक्के फरक चालतो. म्हणजे १२० च्या आकड्यात सहा घोडे इकडे-तिकडे होणं नियमात बसतं.

आता हवेचं बघा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्क्याने कमी होते. बंगळूर ९०० मीटरवर, म्हणजे ९ टक्के तिथेच गेले. लेहला, ३५०० मीटरवर, जवळजवळ एक तृतीयांश शक्ती जाते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात २५ अंशांच्या तुलनेत सुमारे ४ टक्के कमी. टर्बो असेल तर उंचीचा तोटा बराच भरून निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीतला आकडा शिखराचा असतो, बहुतेक वेळा ५५०० ते ६००० आरपीएमचा. शहरात आपण चालवतो २००० च्या आसपास. सूत्र सोपं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस मिळाले. २००० आरपीएमला १०० न्यूटन-मीटर देणारं इंजिन त्या क्षणी जेमतेम २८ पीएस देतं, जाहिरातीत ९० का असेनात. त्याच आरपीएमला २०० न्यूटन-मीटर देणारं टर्बो इंजिन ५७ देतं. चढावर एसी चालू ठेवून ट्रक ओलांडताना कामाला येतो तो हा आकडा.

म्हणून शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा. आकडा कुठल्या एककात आहे? कमाल टॉर्क किती आरपीएमपासून मिळतो? आणि टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं बसवून, एसी लावून, एखाद्या चढावर गाडी नेऊ द्याल का?

भाच्याला मी एकच काम सांगितलं. तेच मॉडेल असलेला मित्र शोध आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये मोज. कोब्राची लबाडी उघडी पडली तीही अशाच तुलनेतून, एकट्या आकड्यातून नाही. मित्राची गाडी १०३ भरली, याची १०१. रविवारी पुन्हा फोन आला. "मामा, तीस हजार वाचले. नवे टायर घेऊ का?"

म्हटलं, "ते जुने झाल्यावर घे. आत्ता हप्ता भर."