बॅट हातात नेऊ का? ओझरहून ट्रायल्सला निघालेल्यांसाठी

आजचा एपिसोड छोटा, कारण प्रश्न एकच. एका नाशिककर श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, पहिल्यांदाच ओझरहून फ्लाइटने ट्रायल्सला चाललोय. नवी बॅट चेक-इनला टाकायची भीती वाटते. हातात नेऊ का?"

नाही रे बाबा. नागरी विमान सुरक्षेचे नियम बीसीएएस ही सरकारी संस्था ठरवते. केबिनमध्ये काय न्यायचं नाही याच्या तिच्या यादीत क्रिकेट बॅट चक्क नावानिशी आहे. हॉकी स्टिक, गोल्फ क्लब, पूलची क्यू, धनुष्यबाण, सगळे तिच्या शेजारी. तू खेळाडू आहेस, पत्र आहे, किटवर नाव आहे, तरी फरक पडत नाही. कोडच्या भाषेत सांगतो: या फंक्शनला वस्तू पास होते, माणूस पास होत नाही. सव्वा किलोचं लाकूड बंद केबिनमध्ये काय करू शकतं, एवढंच बघितलं जातं. आणि लपवून जमत नाही. एक्स-रे स्क्रीनवर लाकूड, कापड, कागद केशरी दिसतं, धातू निळा. बॅटचा आकार तर कुणीही ओळखेल.

म्हणजे बॅट खालीच जाणार. मग ती नीट पाठवू. कव्हरमध्ये घाल, खालच्या टोकाला टॉवेल गुंडाळ, दोन पॅड्सच्या मधे सँडविच कर आणि किटबॅगच्या मधोमध ठेव. काउंटरवर 'फ्रॅजाइल' स्टिकर माग, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. वजन घरीच कर; देशांतर्गत इकॉनॉमीत बऱ्याचदा 15 किलोच फुकट असतात आणि पूर्ण किट तिथवर सहज पोचतं.

आता माझं मत. हातातल्या 7 किलोंत रबर सोलचे शूज, ग्लोव्हज आणि व्हाइट्स ठेव. बॅग उशिरा आली तर बॅट कुणीही उधार देईल, तुझ्या मापाचे शूज कोण देणार?

बॅडमिंटन रॅकेटचं नाव त्या यादीत नाही, बहुतेकदा जाते. पण शेवटचा शब्द तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा. हरिहर-कळसूबाईवाल्या ट्रेकर मित्रांनो, स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर ना वर चालतो ना खाली. पॉवर बँक मात्र फक्त हातातच. रायफल शूटिंगवाल्यांचं प्रकरण लायसन्स-कागदपत्रांचं आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू. (आपल्या विदित गुजराथीचा खेळ किती सुखाचा बघा, पटाला कोण अडवतंय!)

आणि समजा बॅट सिक्युरिटीला अडलीच, तर हुज्जत घालू नकोस. परत एअरलाइनच्या काउंटरवर जा, चेक-इन करून दे. फक्त ते काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोच. ट्रायल्स कशा झाल्या ते कळव रे, व्हॉइस मेसेजच पाठव.