दुखणे खरे, पण गोळी कोणती?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. फायब्रोमायल्जिया हा त्यातलाच एक विकार. सर्वांग ठणकणे, झोपून उठल्यावरही थकवा, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. स्त्रियांत तो अधिक आढळतो. रक्ततपासणी व एक्स-रे यांत बहुधा काही सापडत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "तुला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत!" वास्तविक वेदना खरीच असते. रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा, त्याप्रमाणे मज्जासंस्था वेदनेचा साधा संदेशही मोठा करून पोहोचवते.

म्हणूनच डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या नेहमीच्या गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्या सूज उतरवतात. या विकारात तशी सूज नसते. संधिवातात त्यांचे स्थान आहे, परंतु डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. स्टिरॉइडचाही येथे लाभ नाही. ट्रॅमाडॉलची सवय लागू शकते. भारतात २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले आहे.

मग उपाय कोणता? रात्री अल्प मात्रेत दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलीन झोप सुधारते व वेदना कमी करते. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता हे त्याचे त्रास. ड्युलॉक्सेटीनने सुरुवातीस मळमळ होते. प्रिगॅबॅलिनने गुंगी येते, वजन वाढू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विकारासाठी प्रिगॅबॅलिनला २००७ मध्ये, तर ड्युलॉक्सेटीनला २००८ मध्ये मान्यता दिली. यांतील पहिली दोन औषधे नैराश्यावरही देतात. चिठ्ठीवर ते नाव पाहून "मला वेड लागले काय?" असे समजून अनेकजण गोळी टाकून देतात. तसे करू नये. ही औषधे मज्जासंस्थेतील वेदनेचा जोर कमी करण्यासाठी दिलेली असतात. गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती एकाएकी बंदही करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

औषधाने सर्वांनाच आराम पडतो असे नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सर्वांत ठाम शिफारस केली ती व्यायामाची. झेपेल तेवढे चालणे, हळूहळू वाढवणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

विद्यार्थी मित्रांनी एक काम अवश्य करावे. घरातील गोळ्यांच्या पाकिटांवरील मूळ औषधांची नावे वहीत उतरवून ती वही डॉक्टरांना दाखवावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांखाली एकच पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाते, आणि त्याच्या अतिरेकाने यकृत बिघडते. आणि आई "अंग दुखते" म्हणाली, तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा.