परदेश दौऱ्यात खरेदी केली? कराचे पैसे परत मागा

मुलचेरा : कृषी विभागाच्या योजनेतून शेतकऱ्यांना परदेशात अभ्यास दौऱ्यावर जाता येते. खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त १ लाख रुपये अनुदान मिळते. बाकीचा पैसा आपल्याच खिशातला. म्हणून तिथे खरेदीवर भरलेला कर सोडून येऊ नका.

आपल्याकडे जीएसटी, तसा युरोपात व्हॅट. जर्मनीत बहुतेक वस्तूंवर तो १९ टक्के आहे. म्हणजे ११९ युरोच्या वस्तूत १९ युरो कर. वस्तू देशाबाहेर जाते म्हणून पाहुण्याला हा कर परत मिळतो. हॉटेल, जेवणावरचा मात्र मिळत नाही.

काय करायचे?

१. पैसे देण्याआधीच दुकानदाराला 'टॅक्स फ्री' फॉर्म मागा, पासपोर्ट दाखवा. जर्मनीत बिल ५० युरोच्या वर पाहिजे.

२. वस्तू वापरू नका. बिल, फॉर्म जपून ठेवा.

३. युरोपीय संघातल्या ज्या शेवटच्या देशातून परत निघता, तिथल्या विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्या. बॅग विमानात टाकण्याआधी जा, वस्तू दाखवावी लागते.

४. मग रिफंड काउंटरवर रोख घ्या किंवा कार्डवर मागा. कंपनी आपले शुल्क कापते, त्यामुळे पूर्ण १९ युरो हातात येत नाहीत.

दुबईतही सोय आहे. तिथे कर ५ टक्के, बिल किमान २५० दिरहम.

विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचा. नागपूरला उतरल्यावर हा शिक्का कोणी देत नाही.