विहिरीवरचं इंजिन ते सौरपंप

मोट सुटली आणि विहिरीवर इंजिन आलं, तेव्हापासून शेतकऱ्यापुढे एक प्रश्न कायम उभा आहे: नावाजलेलं घ्यावं की स्वस्तातलं? किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली. पुढे लिस्टर या विलायती इंजिनाच्या धर्तीवरची राजकोटची इंजिनंही बाजारात आली. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं, दोन जड चाकांचं ते संथ इंजिन धूर ओकी, पण गावचा मिस्त्री विहिरीच्या काठावरच ते खोली. नोझल साफ केलं, रिंगा बदलल्या, की पाणी पुन्हा पाटाला लागे. स्वस्त इंजिन त्या मिस्त्रीच्या जिवावर निभावून गेलं.

बोअरनं हे सगळं उलटंपालटं केलं. १९७२च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, पाणी खोल गेलं आणि मोटारही पाण्याखाली गेली. दुकानात सगळ्या सबमर्सिबल सारख्याच चकाकतात; फरक असतो तो आत, वाइंडिंगच्या तारेत आणि थ्रस्ट बेअरिंगमध्ये. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडलं की मोटार जादा करंट ओढते आणि तापते. चांगली मोटार ते काही काळ सोसते, हलकी जळते. मग चेन-कप्पी आणा, गडी जमवा, तीनशे फूट पाइप वर ओढा, रिवाइंडिंगवाल्याकडे नंबर लावा. ऊस तेवढे दिवस तग धरतो. फुलोऱ्यातला टोमॅटो धरत नाही. हे नुकसान कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी ते कुणी धरत नाही.

मोटारीइतकाच पैसा स्टार्टरवर घालावा, असं माझं ठाम मत आहे. फेज गेल्यावर भारी मोटारही वाचत नाही. वाचवतो तो स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर. आणि आपल्याकडे सारखा ट्रिप होतो म्हणून रिलेच डायरेक्ट करून टाकतात!

वीजबिलाचा धाक तर कधी फारसा नव्हताच. वर्षानुवर्षं बिल हॉर्सपॉवरवर यायचं. एप्रिल २०२४पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीज मोफत झाली. जास्त वीज खाणारी मोटार त्यामुळे खिशाला टोचत नाही.

त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे. किमतीचा प्रश्न जवळजवळ सुटला, पण कंट्रोलर काही गावचा मिस्त्री खोलू शकत नाही. योजनेच्या यादीतून पुरवठादार निवडताना त्याचा माणूस तालुक्याला बसतो का आणि फोन केल्यावर किती दिवसांनी येतो, हे आधी पंप बसवलेल्या शेजाऱ्याला विचारून घ्यावं.