पालकाच्या रकान्यामागचे मूल

आपल्या वसतिगृहाच्या प्रवेश-नोंदवहीत ‘पालकाचे नाव’ असा एक रकाना असतो. त्यात वडिलांऐवजी मामाचे वा आजीचे नाव दिसले, की शिक्षकाला मुलाची अर्धी कहाणी न विचारता कळते. अमेरिकेतील जुन्या घराण्यांचा वंशेतिहास शोधणाऱ्यांनाही अठराव्या शतकातील न्यायालयीन दप्तरांत अशा पालक-नोंदी सापडतात. मात्र तेथे ‘अनाथ’ हा शब्द आपल्या अर्थाने घेतला, तर फसगत होते. वडील वारले, की आई हयात असूनही मूल कायद्याने अनाथच ठरे.

पालक नेमला जाई तो मुख्यतः मालमत्तेसाठी. विधवेने पुनर्विवाह केल्यास मुलाचा वारसा सावत्र बापाच्या हाती जाईल, ही भीती असे. मूल बहुधा आईपाशीच राही. पालक जामीनखत लिहून देई आणि न्यायालयाला हिशेब सादर करी. व्हर्जिनियात १४ वर्षांचे मूल स्वतःचा पालक निवडू शके. म्हणून ‘पालक निवडला’ एवढ्या नोंदीवरूनही संशोधकाला जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

ज्याच्यामागे मालमत्ता नाही, त्याचे काय? ते मूल करारपत्राने एखाद्या कारागिराकडे वा शेतकऱ्याकडे बांधले जाई. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी बहुधा १८ वर्षांची होईपर्यंत. गुलामांची मुले तर याही दप्तराबाहेरची. ती दिसतात दुसऱ्याच्या हिशेबात : पालकाने अनाथ वारसाच्या उत्पन्नात गुलाम भाड्याने दिल्याची रक्कम दाखवलेली असते. ज्या कागदाने एका मुलाचे रक्षण केले, त्याच कागदावर दुसरे मूल मालमत्ता म्हणून मांडलेले आहे.

मेरीलँड राज्यात १ नोव्हेंबर १८६४ रोजी गुलामगिरी संपली. दोनच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, एलिझाबेथ टर्नर ही मुलगी ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून पूर्वीच्याच मालकाकडे बांधली गेली. अशी तेथे पुष्कळ मुले होती आणि त्यांतील कित्येकांचे आईबाप जिवंत होते. गोऱ्या मुलांच्या करारात शिक्षण देण्याची अट असे. तिच्या करारात ती नव्हती. शिवाय तिला दुसऱ्याच्या हवाली करण्याचीही मुभा होती. १८६७ मध्ये तिचा अर्ज सरन्यायाधीश सालमन चेस यांच्यापुढे आला. नाव काहीही दिले तरी ही सक्तीची गुलामीच आहे, आणि गोऱ्या व काळ्या मुलांच्या करारांतील हा फरक १८६६ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय देऊन त्यांनी एलिझाबेथची मुक्तता केली.